पटावर नाव आलं, वाचायचं राहिलं

पत्र

सप्रेम नमस्कार. नोकरीतून निवृत्त होऊन मला सहा वर्षं झाली. गेली चार वर्षं आठवड्यातल्या तीन संध्याकाळी मी मोठ्या बायकांचा लिहा-वाचायचा वर्ग घेते. पटावर चौदाजणी आहेत, येतात आठ-नऊ. सगळ्यात मोठ्या बाई ६२ वर्षांच्या आहेत. सही झोकात करतात, पण त्या सहीतलंच एक अक्षर सुटं काढून दाखवलं तर ओळखत नाहीत. मुलांना शाळेत दाखल करण्यासाठी धडपडणारा एक गट मला बोलावतोय. ते म्हणतात, 'प्रौढांचं सोडा, मुळाशी काम करा. सगळी मुलं शाळेत गेली की निरक्षरता आपोआप संपेल.' माझा मुलगा म्हणतो, 'आई, जग ८७ टक्के साक्षर झालंय. उरलेत ते म्हातारे. हा प्रश्न काळच सोडवेल.' आणि मग त्यानेच मला एक बातमी दाखवली, की जगातल्या शाळेबाहेरच्या मुलांची संख्या वाढून २७ कोटींवर गेली! यातलं खरं काय समजू? वर्ग बंद करून मुलांच्या दाखल्यांच्या कामाला लागू का? महिनाअखेर त्या गटाला कळवायचं आहे.

ता. क. वर्गातल्या दोघी तीन महिने फिरकलेल्या नाहीत. त्यांची नावं पटावर ठेवू की काढू?

— दोन्हीकडे ओढली जाणारी

उत्तर

ताई,

वर्ग बंद करू नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल. त्या गटालाही नाही म्हणू नका, फक्त ते जे काम देताहेत ते न घेता दुसरं मागा. कोणतं, ते सांगते, पण त्याआधी तुमच्या चिरंजीवांशी थोडं बोलायचं आहे.

त्यांचा आकडा खोटा नाही. पंधरा वर्षांवरच्या माणसांमध्ये जगात आज साधारण ८७-८८ टक्के साक्षर आहेत. विसाव्या शतकाच्या मध्याला युनेस्कोने जगभराचा हिशेब मांडला, तेव्हा जवळजवळ ४४ टक्के प्रौढांना वाचता येत नव्हतं. एवढी मजल दोन-तीन पिढ्यांत मारली गेली, याचं मला कौतुकच आहे. 'कुठे काय सुधारलंय' असा सूर लावणाऱ्यांतली मी नाही.

पण टक्के बाजूला ठेवून डोकी मोजा. १९५० च्या सुमारास न वाचणारी माणसं होती अंदाजे ७० कोटी. १९९० च्या आसपास ती ८८ कोटींपर्यंत चढली, मग हळूहळू उतरली आणि आज ७४-७५ कोटींवर आहेत. आता चिरंजीवांना एवढंच विचारा: १९५० साली जे पंधरा वर्षांचे होते, ते आज किती वर्षांचे असतील? नव्वदीचे. म्हणजे त्या वेळचे ७० कोटी निरक्षर जवळजवळ सगळे हे जग सोडून गेले. काळाला जे करायचं होतं ते त्याने चोख केलं, कुणालाही ठेवलं नाही. तरी ढीग तेवढाच! आजचे ७४-७५ कोटी हे जुने उरलेले नव्हेत, ते नंतर तयार झालेले आहेत. त्यातले सुमारे १० कोटी तर १५ ते २४ वयाचे आहेत. त्यांना म्हातारे कसं म्हणायचं?

आणखी एक गोष्ट आहे, ती तुमच्या वर्गाकडे बघून तुम्हाला आधीच कळली असेल. न वाचणाऱ्यांत जवळजवळ दोन तृतीयांश बायका आहेत. एकूण संख्या वर गेली, खाली आली, पण हे प्रमाण गेल्या कित्येक दशकांत फारसं हललेलं नाही.

आता दाखल्यांवाल्या गटाकडे वळते. त्यांचं म्हणणं ऐकायला इतकं सरळ आहे की कुणीही मान डोलवावी: सगळी मुलं शाळेत घाला, निरक्षर तयार व्हायचे थांबतील. १९९० साली थायलंडमधल्या जोमतियेनच्या परिषदेत 'सर्वांसाठी शिक्षण' असं ठरलं, तेव्हा त्यामागे हेही गणित होतं. २००० साली सेनेगलच्या डाकारमध्ये तेच पुन्हा ठरलं आणि २०१५ ही मुदत पडली. काम झालंच नाही असंही नाही. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत १९९० साली प्राथमिक वयाची १०० पैकी ५२ मुलं शाळेत होती, २०१५ पर्यंत ८० झाली. जगात प्राथमिक वयाची शाळेबाहेरची मुलं २००० साली १० कोटींच्या घरात होती, ती २०१५ ला ५.७ कोटींवर आली.

हे घडलं कशामुळे? बऱ्याच देशांत सर्वात मोठा धक्का एका साध्या निर्णयाने दिला: फी रद्द. मलावीने १९९४ ला केली, युगांडाने १९९७ ला, केनियाने २००३ ला. युगांडात एका वर्षात पट ३१ लाखांवरून ५३ लाखांवर गेला, केनियात ५९ लाखांवरून ७२ लाखांवर. केनियात तर पुढच्या वर्षी एल्डोरेटच्या एका प्राथमिक शाळेत किमानी मारुगे नावाचे ८४ वर्षांचे आजोबा गणवेश घालून पहिलीत जाऊन बसले. फी नाही ना, मग मीही येतो! बायबल स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं, हा त्यांचा एक हेतू. धर्मोपदेशक सांगतो ते त्यात खरंच लिहिलंय का, याची त्यांना शंका होती. प्राथमिक शाळेत दाखल झालेला जगातला सर्वात वयस्कर माणूस म्हणून गिनेसच्या पुस्तकात त्यांची नोंद झाली. तुमच्या ६२ वर्षांच्या बाईंना ही हकिकत जरूर सांगा. 'आता या वयात काय' हे वाक्य त्या पुन्हा म्हणाल्या तर उपयोगी पडेल.

तर मुलं आली. पण त्याच महिन्यात तितके जास्त शिक्षक, खोल्या आणि पुस्तकं कुठून येणार? मलावीत खालच्या इयत्तांमध्ये एकेका वर्गात शंभराहून जास्त मुलं झाली. शंभर मुलांच्या वर्गात मागच्या रांगेतलं पोर फळ्यावरचं उतरवून घेतं. अक्षर सुंदर काढतं, वही भरते, आणि बाईंना वाटतं हे शिकतंय. पण ते चित्र काढत असतं. तुमच्या बाईंची सही आठवली ना?

हे पोर 'शाळेत आहे' म्हणून मोजलं जातं आणि ते खरंही असतं. वाचतंय का, हे विचारायला जगाला फार उशीर झाला. युनेस्कोने २०१७ साली हिशेब मांडला, तेव्हा वाचन-गणिताची किमान पातळीही न गाठणारी मुलं निघाली ६१.७ कोटी, आणि त्यातली साधारण दोन तृतीयांश शाळेत जाणारी होती. २०१९ साली जागतिक बँकेने यालाच 'लर्निंग पॉव्हर्टी' म्हटलं: गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत १० वर्षांच्या मुलांपैकी ५३ टक्क्यांना एक साधा मजकूर वाचून समजत नव्हता. मग २०२० चा एप्रिल आला. जगातली दीडशे कोटींहून जास्त मुलं एकाच वेळी घरी बसली. २०२२ च्या अंदाजात हे प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत गेलं.

म्हणजे हा ढीग वाढत कुठून राहतो, याचं अर्धं उत्तर शाळेबाहेर आहे आणि अर्धं शाळेच्या आत. दाखल्यांचा गट पहिल्या अर्ध्यावर काम करतो. चांगलं काम आहे. पण 'आपोआप' हा त्यांचा शब्द मला खटकला. आपोआप काही होत नाही हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

आता ती २७ कोटींची बातमी. तिने घाबरू नका आणि तिच्याकडे काणाडोळाही करू नका. २०२५ च्या त्या आकड्यात सहा वर्षांच्या पोरापासून अकरावी-बारावीच्या वयापर्यंतचे सगळे येतात. प्राथमिक वयाची त्यातली ७.८ कोटी, निम्मे तर वरच्या माध्यमिकचे. आदल्या अंदाजापेक्षा तो सुमारे २.१ कोटींनी वाढला खरा, पण त्यातले १.३ कोटी फक्त संयुक्त राष्ट्रांनी लोकसंख्येचे अंदाज सुधारले म्हणून वाढले. मुलं होतीच, मोजणीत आता आली. उरलेल्या वाढीत मात्र खरी माणसं आहेत. अफगाणिस्तानात २०२१ पासून मुलींना प्राथमिकच्या पुढे शाळा बंद आहे, हे त्यातलंच. आणि वर दिलेल्या २०१५ च्या ५.७ कोटींशी हे ७.८ कोटी थेट ताडून बघू नका. मधल्या काळात मोजायची पद्धत बदलली, शाळांच्या कागदांबरोबर घरोघरच्या पाहण्याही त्यात मिसळल्या. तरी एक गोष्ट पद्धतीच्या आडही लपत नाही: २०००च्या दशकात झपाट्याने झालेली घट नंतर जवळजवळ थांबली. शेवटची मुलं आणणं सगळ्यात कठीण असतं. ती युद्धात सापडलेली असतात, सतत स्थलांतर करणारी असतात, अपंग असतात, किंवा शाळा ज्या भाषेत चालते ती भाषाच त्यांच्या घरी नसते.

शाळेच्या कागदाचीही एक गंमत. काही देशांची स्थूल पटनोंदणी शंभर टक्क्यांच्या वर असते. शंभरात एकशे दहा मुलं कशी? उशिरा दाखल झालेली आणि त्याच इयत्तेत पुन्हा बसलेली मुलं भागाकारात वर मोजली जातात, पण खालची संख्या फक्त 'योग्य वयाच्या' मुलांची असते. म्हणून असा आकडा छातीठोकपणे कुणी सांगितला की आधी विचारावं, यातली शेवटच्या इयत्तेपर्यंत किती टिकली? जगात आज प्राथमिक शाळा पूर्ण करतात ती सुमारे ८८ टक्के मुलं.

साक्षरतेची मोजणी तर याहून मऊ मातीवर उभी आहे. युनेस्कोची १९५८ ची व्याख्या आहे: रोजच्या जगण्याविषयीचं छोटं, सोपं वाक्य समजून वाचता आणि लिहिता येणं. छान आहे. पण बहुतेक जनगणनांमध्ये कुणी वाचून घेत नाही, नुसतं विचारतात. तेही ज्याला विचारायचं त्याला नाही, घरात जो बोलायला पुढे येतो त्याला. तरुणपणी मी एका पाहणीत दारोदार फॉर्म भरत फिरले आहे. 'घरात वाचता कुणाकुणाला येतं?' असं विचारलं की कर्ता पुरुष उंबऱ्यात उभा राहून सगळ्यांची उत्तरं द्यायचा. बायकोचं नाव आलं की आत न बघताच, 'तिला येतं थोडंफार.' मी 'होय' वर खूण करायचे. आत ती बाई काय म्हणाली असती, मला आजतागायत माहीत नाही. माझ्या त्या खुणाही कुठल्या तरी टक्क्यात बसल्या असतीलच.

याला पर्याय आहे आणि तो फार साधा आहे. अनेक देशांत होणाऱ्या लोकसंख्या आणि आरोग्याच्या घरोघरच्या पाहण्यांमध्ये बाईच्या हातात एक कार्ड देतात. त्यावर तिच्या भाषेत एकच वाक्य असतं, 'शेती हे कष्टाचं काम आहे' अशा धर्तीचं. पूर्ण वाचलं, थोडं वाचलं, की अजिबात नाही, एवढीच नोंद. हे कार्ड तुमच्या वर्गासाठी आजच करा. दर महिन्याला वाक्य बदला. आधी ऐकलेलं वाक्य नको. ते पाठ असतं आणि बायका डोळे कागदावर ठेवून तोंडाने आठवणीतलं म्हणतात. कागद उलटा धरला तरी चालतो मग!

सहीबद्दल तुम्ही लिहिलंत, म्हणून थोडं विषयांतर करते. इंग्लंडमध्ये १७५४ पासून लग्नाच्या नोंदवहीत नवरा-नवरीला सही करावी लागायची. येत नसेल त्याने फुली मारायची. जुन्या काळी किती लोक साक्षर होते याचा अंदाज इतिहासकार या सह्या मोजून बांधतात. १८४० च्या सुमारास साधारण दोन तृतीयांश पुरुष आणि निम्म्या बायका सही करत होत्या. स्वीडनमध्ये नेमकं उलट. तिथे १६८६ च्या चर्चच्या कायद्याने प्रत्येकाला वाचता आलंच पाहिजे असं ठरवलं. धर्मगुरू घरोघर जाऊन वाचून घ्यायचा आणि वहीत शेरा लिहायचा. लिहिण्याची सक्ती नव्हती, म्हणून वाचणारे पुष्कळ आणि लिहिणारे थोडे. सक्तीची शाळा तिथे आली १८४२ साली, लोक वाचायला लागल्यावर कितीतरी वर्षांनी. घरात वाचून घेणारं कुणीतरी होतं म्हणून ते जमलं. (त्या धर्मगुरूच्या धाकाने काय व्हायचं ते निराळं.) शाळेशिवाय वाचन येऊ शकतं आणि शाळेत जाऊनही ते यायचं राहू शकतं, असं मी म्हणते ते या जोरावर.

आता त्या गटाला काय कळवायचं ते सांगते. म्हणा, 'नावनोंदणीला मी येणार नाही. आठवड्यातला एक तास मला दुसरी-तिसरीच्या मुलांबरोबर द्या, फक्त वाचायला.' ज्यांना तुम्ही आज दाखल करताय त्यांचं दोन वर्षांनी काय होतं, ते मला बघायचंय, असं स्पष्ट सांगा. जरा चमकतील, पण नाही म्हणणार नाहीत.

त्या तासात मुलांना इयत्तेप्रमाणे बसवू नका. चार पायऱ्या ठरवा: अक्षर, शब्द, छोटा परिच्छेद, गोष्ट. प्रत्येक मुलाला एकेकटं बाजूला घेऊन बघा, ते कोणत्या पायरीवर अडतंय, आणि एका पायरीवरची मुलं एकत्र बसवा. तिसरीतला मुलगा अक्षरांच्या गटात आला तरी चालेल. 'प्रथम' या संस्थेच्या 'असर' पाहणीत २००५ पासून मुलांचं वाचन असंच तपासलं जातं, आणि तोच धागा पकडून केनिया, टांझानिया, युगांडात 'उवेझो' या नावाने घरोघर मुलांना वाचायला लावलं गेलं. स्वाहिलीत उवेझो म्हणजे क्षमता. पातळीनुसार गट करून शिकवण्याची रीत झांबियाच्या सरकारी शाळांपर्यंत गेली आहे. त्यासाठी लागतं काय? वेळ, आणि मूल अडलं की न रागावण्याचा स्वभाव. दुसरी गोष्ट तुमच्याकडे आहे हे पत्रावरूनच कळतं.

भाषेकडेही लक्ष असू द्या. जगातल्या जवळजवळ ४० टक्के लोकांना त्यांना बोलता किंवा समजता येणाऱ्या भाषेत शिकायला मिळत नाही, असं युनेस्को सांगतं. मूल अडलं तर आधी बघा, ते अक्षरावर अडलंय की शब्द ओळखीचा नाही म्हणून. दोन्ही दुखणी वेगळी आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

आणि तुमचा संध्याकाळचा वर्ग? बऱ्याच देशांत शिक्षणाच्या अंदाजपत्रकातला एक टक्काही प्रौढांच्या वाट्याला येत नाही. तुम्ही उठलात तर त्या खुर्चीवर दुसरं कुणी येऊन बसेल असं मला दिसत नाही. नावनोंदणीला माणसं मिळतात, कारण तिथे दिवसाच्या शेवटी आकडा हातात पडतो. तुमच्या कामात चार महिन्यांनी एक जोडाक्षर पडतं. शिवाय त्याच बायकांची मुलं-नातवंडं सकाळी शाळेत बसलेली असतात. घरात कुणीतरी वही उघडून 'हे काय लिहिलंय, वाच' म्हणणारं असलं, की त्या शंभरातल्या मागच्या रांगेचं ओझं थोडं हलकं होतं.

'मोहीम काढून एकदाचं संपवून टाकावं' असं कुणी सुचवलंच, तर क्युबाचं उदाहरण पुढे येईल. १९६१ साली तिथे लाखभर शाळकरी मुलं-मुली कंदील घेऊन खेड्यापाड्यांत गेली, मोठी माणसंही जोडीला आली आणि वर्षभरात सात लाखांहून जास्त लोकांना लिहा-वाचायला शिकवलं. शेवटची परीक्षा म्हणजे फिडेल कास्त्रोंना पत्र लिहायचं! हे सगळे सांगतात. लगेच पुढच्या वर्षी त्याच लोकांसाठी पुढचे वर्ग सुरू केले गेले, हे कुणी सांगत नाही. नव्याने शिकलेलं वाचन वापरात नसलं की पुसट होतं. म्हणून तुमच्या बायका वाचायला लागल्यावरही वर्गात येत राहिल्या, तर 'आता कशाला येता' असं चुकूनही म्हणू नका.

६२ वर्षांच्या बाईंसाठी एक युक्ती सुचवते. त्यांच्या सहीतली अक्षरं सुट्या चिठ्ठ्यांवर मोठी लिहा आणि त्यांच्यासमोर उलटसुलट पसरा. आधी सही जुळवू देत. ती त्या चित्रासारखी जुळवतील. मग त्यातलं एकच अक्षर उचलून दुसऱ्या शब्दात ठेवा, त्यांच्या रोजच्या तोंडातल्या एखाद्या शब्दात. 'हे माझ्या नावातलं!' असं ज्या दिवशी त्या स्वतः म्हणतील, त्या दिवशीची तारीख वहीत लिहून ठेवा. घाई करू नका. मारुगे आजोबांनाही सगळं जमलं नव्हतं.

तुमचा ता. क. राहिला. त्या दोघींची नावं काढू नका, पण हजेरीच्या रकान्यात नुसती रेघही मारत बसू नका. नावापुढे शेवटची आल्याची तारीख लिहा आणि त्या दिवशी कुठपर्यंत वाचत होत्या ते लिहा: 'काना-मात्रा येतात, जोडाक्षरं नाहीत.' मग एका संध्याकाळी वर्गातल्याच एखादीला घेऊन त्यांच्याकडे जा. का येत नाही हे दारातच विचारू नका. बरोबर ते कार्ड न्या.